एंजल माशाची २०० पिल्लं: टाकी किती मोठी हवी?

शिवाजीपेठ_एंजल

नमस्कार मंडळी. एंजलच्या जोडीनं अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीच्या पानावर घातलेली अंडी परवा फुटली. पिल्लं अजून पानालाच चिकटून शेपटी हलवतायत. मोजदाद अंदाजे, पण दोनशेच्या खाली नाहीत. पान आई-बापापासून काढून १२×१२×१२ इंची टाकीत ठेवलंय, आत बारीक हवा चालू आहे.

हाताशी एक २४×१२×१२ ची टाकी रिकामी आहे. शिवाय ३ फुटी नवी करून घ्यायचा विचार आहे. दुकानदार ३६×१२×१८ सांगतोय, "एंजलला उंची लागते" म्हणून. प्रश्न तीन:

पिल्लं सरळ ३ फुटीत सोडावीत का, म्हणजे पुन्हा पुन्हा हलवायला नको? ३ फुटीचं माप दुकानदार म्हणतो तेच घ्यावं का? आणि घर जुनं आहे, टाकी माडीवर ठेवली तर चालेल का?

पिल्लं रुपयाच्या नाण्याएवढी झाली की दुकानात द्यायचीत. पाणी नळाचं, नळ आला नाही त्या दिवशी बोअरचं.

---

पाणी_मोजा

दादा, आधी टाकी नको, आधी आकडा ठरवा. शेवटी किती पिल्लं वाढवायचीत? त्यावरून उलटं मागं या.

अंगाची गोलाई रुपयाएवढी व्हायला नीट खाऊ-पाणी असेल तर साधारण ८ आठवडे लागतात. त्या वेळी एका पिल्लामागं निदान अडीच लिटर पाणी धरा. याहून दाटी केली तर पिल्लं लगेच मरत नाहीत, म्हणून माणूस फसतो. वरचे पर आखूड राहतात, खालचे लांब पर वाकतात, निम्मी पिल्लं बुटकी होतात. असा माल दुकानदार घेत नाही. एकदा वाकलेला पर नंतर मोठ्या टाकीत सोडून सरळ होत नाही.

आता लिटर म्हणजे खरे लिटर. लांबी × रुंदी × उंची इंचात गुणून ६१ नं भागलं की लिटर येतात, त्या हिशोबानं तुमची २ फुटी ५७ लिटरची. पण काचेची जाडी वजा करा, वर दीड इंच मोकळं सोडा, राहतात ४६. तसंच १ फुटी चौकोनीत २३ च्या आत. ३६×१५×१५ केली तर साधारण ११२. म्हणजे ८ आठवड्यांनी ३ फुटीत ४५ आणि २ फुटीत १८, एकूण साठ-त्रेसष्ट पिल्लं. दोनशे नाहीत. दोनशे ठेवायची तर ५०० लिटर खरं पाणी लागेल.

सरळ ३ फुटीत सोडू नका. पोहायला लागलेलं पिल्लू जेमतेम ४-५ मिलिमीटरचं, ते खाद्याच्या मागं लांब पळत नाही. ११२ लिटरमध्ये त्याच्या तोंडासमोर आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, पिल्लांचं जिवंत खाद्य) यायचा तर गरजेच्या चौपट सोडावा लागतो. गोड्या पाण्यात तो काही तासांत मरतो आणि तळाला सडतो. मेलेली पिल्लं एवढ्या मोठ्या तळात दिसतही नाहीत.

पण पहिल्या दिवसापासून ती १ फुटीत ठेवायचीही गरज नाही. २ फुटीत फक्त ६ इंच पाणी भरा. ते होतं २७ लिटर, म्हणजे तुमच्या चौकोनी टाकीपेक्षा थोडंच जास्त, पण पाण्याचा पृष्ठभाग एकाऐवजी दोन चौरस फूट. हवा पाण्यात मिसळते ती पृष्ठभागातून. खोलीचा तिथं उपयोग नाही. पिल्लं मोठी होतील तसं दर चार-पाच दिवसांनी इंचभर पाणी वाढवत जा. हलवाहलव शून्य. तीन-चार आठवड्यांनी निवड करून मोठी पिल्लं ३ फुटीत.

आजच करायचं काम: ३ फुटीसाठी घ्यायचे दोन स्पंज फिल्टर आत्ताच आई-बापाच्या टाकीत चालू करून ठेवा. कोऱ्या स्पंजात जिवाणू बसायला तीन-चार आठवडे लागतात, नेमका तेवढाच वेळ तुमच्याकडं आहे.

---

आर्टेमियावाला

वरच्या हिशोबाशी सहमत, एक दुरुस्ती. पिल्लं पोहायला लागली की पहिले चार-पाच दिवस ६ इंचही जास्त आहे. २ फुटीत ४ इंच भरा, १८ लिटर. एंजलच्या पिल्लाला इन्फ्युझोरियाची (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची) गरज नाही, ते पहिल्या घासालाच ताजा आर्टेमिया खातं. पण तो दाट मिळाला पाहिजे. पोट नारिंगी दिसलं म्हणजे खाल्लं. भिंगातून बघा, वीस पिल्लांत तीन-चार पोटं पांढरी राहिली तर खाद्य कमी पडतंय किंवा विखुरतंय.

पोहायला कधी लागतील? २७-२८ अंशाला अंडी फुटल्यापासून साधारण पाचव्या दिवशी. तोवर काही घालू नका, पोटातली पिवळी पिशवी पुरते. घाईनं उकडलेल्या अंड्याचा बलक घालणारे खूप आहेत आणि २० लिटर पाणी एका रात्रीत नासवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही!

आर्टेमिया आज रात्रीच लावा. २ लिटरची बाटली उलटी, तळ कापून. १ लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ (आयोडीनचं नको), चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी. नळी तळापर्यंत सोडून जोरात हवा, वर दिवा. २७-२८ अंशाला २४ ते ३० तासांत फुटतो, थंडीत दीड दिवसही लागतो. दोन बाटल्या बारा तासांच्या फरकानं लावा, कारण फुटल्यावर सहा-आठ तासांत त्याच्या अंगातलं सत्त्व उतरतं. हवा बंद केल्यावर दहा मिनिटांत टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया तळाला. खालचाच घ्या, गोड्या पाण्यात गाळून मग सोडा. टरफल पिल्लाच्या आतड्यात अडकतं.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. अर्ध्या तासानं तळाला नारिंगी थर दिसला तर पुढच्या वेळी कमी.

हीटरचं एक लक्षात ठेवा. ४ इंच पाण्यात उभा हीटर निम्मा बाहेर राहतो, काच तडकते. ५० वॉटचा घ्या आणि तळाशी आडवा लावा. आडवा चालतो का ते खोक्यावर वाचून घ्या. पाणी काढताना आधी बटण बंद, दहा मिनिटं थांबा, मग हात घाला.

---

शिवाजीपेठ_एंजल

दोघांचेही आभार. पण साठच? बाकी दीडशेचं काय करू? ३ फुटीत रोज पाणी बदललं तर शंभर बसणार नाहीत का?

---

पाणी_मोजा

बसतील. दाटी म्हणजे मुळात घाणीचा हिशोब आहे, आणि घाण येते खाद्यातून. ४५ टक्के प्रथिनांचं कोरडं खाद्य १ ग्रॅम घातलं की त्यातून साधारण ४० मिलिग्रॅम अमोनिया सुटतो. २३ लिटरमध्ये तो लिटरला पावणेदोन मिलिग्रॅम होतो, ४६ मध्ये ०.९, ११२ मध्ये ०.३६. खाद्य तेवढंच, मासे तेवढेच. मोठी टाकी तुम्हाला चुकीसाठी वेळ देते, बाकी जादू नाही. (हा आकडा कोरड्या खाद्याचा. आर्टेमियात बहुतेक पाणीच असतं, तो वजनाला वजन लावून मोजू नका.)

साठ पिल्लांना पाचव्या आठवड्यात दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास खाद्य जातं. शंभर ठेवली तर दीड ग्रॅमच्या वर. स्पंज मुरलेला असेल, म्हणजे त्यात जिवाणू बसलेले असतील, तर तो अमोनिया खाईल, पण त्यातून होणारं नायट्रेट साठतंच. ते काढायचं तर रोज निम्मं पाणी, म्हणजे ५५ लिटर, चार बादल्या. आठ आठवडे, एकही खाडा न करता. लग्नसराईत दोन दिवस गावाला गेलात की हिशोब कोसळतो.

बोअरचं पाणी घालणार असाल तर आणखी एक. आपल्याकडं काळ्या दगडातलं पाणी जड, बहुतेकदा पीएच ८ च्या घरात. २८ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला पाऊण टक्क्याहून कमी भाग विषारी असतो. पीएच ८ ला तोच साडेसहा टक्के. म्हणजे टेस्ट किटवर रंग तोच दिसला तरी विष नऊ-दहा पट. म्हणून एक दिवस नळाचं, एक दिवस बोअरचं असं करू नका. दोन्ही मिळून एका पिंपात साठवा आणि नेहमी त्याच मिश्रणातून घाला.

बाकी दीडशेचं: काही पहिल्या दहा दिवसांत आपसूक कमी होतात, तळाला घसटत चालणारी, पोहता न येणारी. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर अशी पिल्लं जास्त निघतात, कारण त्यांना वर येऊन पहिली हवा गिळता येत नाही. साय दिसली की टिश्यू पेपर वरून पसरून उचला. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, अंगाला एंजलचा आकार आला की निवड करा. कल्ला वाकडा, पर अर्धवट, अंगानं निम्मी असलेली बाजूला. उरलेल्यातली साठ स्वतःकडं, बाकी त्याच वयात दुसऱ्या कुणा पाळणाऱ्याला द्या, त्यांच्याकडंही मुरलेला फिल्टर आहे का विचारून. निवड टाळत गेलं तर मोठी पिल्लं बारक्यांचं खाणं पळवतात आणि दर आठवड्याला अंतर वाढतच जातं.

आणि जास्तीची पिल्लं रंकाळा तलावात सोडायची नाहीत, कोण कितीही म्हणू दे. परका मासा आहे तो.

---

काचकाम_कोल्हापूर

३ फुटीच्या मापाबद्दल. ३६×१२×१८ नको. ३६×१५×१५ करा.

पाणी दोन्हीत जवळपास तेवढंच, कागदावर १२७ आणि १३३ लिटर. पृष्ठभाग मात्र ३ ऐवजी पावणेचार चौरस फूट. काचेवर जोर येतो तो पाण्याच्या उंचीनं, लांबी-रुंदीनं नाही. १८ इंच उंचीला ८ एमएम काच लागते, १५ इंचाला वरच्या लांब कडांना पट्टी मारून ६ एमएम चालते. म्हणजे उंच टाकीला पैसे जास्त आणि पिल्लांना जागा कमी. एंजलला उंची लागते हे खोटं नाही, पण ते वाढलेल्या जोडीला. दोन महिन्यांच्या पिल्लाला १३ इंच पाणी भरपूर झालं. १८ इंच खोल टाकीचा तळ रोज पुसून बघा, काखेपर्यंत हात भिजतो.

उलट रुंदी वाढवून ३६×१८×१२ करा असंही कुणी सांगेल. गप्पी, गोल्डफिशला ती उत्तम. एंजलला सातव्या-आठव्या आठवड्यात ती बुटकी पडते.

सिलिकॉन टाकीचाच हवा. बाथरूमसाठी बुरशीरोधक म्हणून मिळतो त्यात विष असतं. जोडल्यावर आठवडाभर सुकू द्या, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. मग पाण्यानं भरून दोन दिवस खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद. तिसऱ्या दिवशीही कागद कोरडा असेल तरच स्टँडवर. तळाखाली पूर्ण मापाचा थर्माकोल, एक खडा राहिला तरी तळ तडकतो.

माडीवर नको! पाणी ११२ किलो, काच २०, लोखंडी स्टँड धरून दीडशेच्या वर जातं, आणि ते सगळं चार पायांवर. जुन्या घरात फळ्यांची माडी असते. तुळई कुठं आहे हे वरून कळत नाही आणि रोज सांडणारं पाणी लाकडात मुरतं. खाली सोप्यात, भिंतीला लागून, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवा. ओटा किंवा कट्टा असेल तर लेव्हल बाटली लावून बघा. एका कोपऱ्याला २-३ मिलिमीटरचा फरक पडला तरी जोडावर ताण येतो.

---

राजारामपुरी_गप्पी

मध्येच विचारते, माफ करा. हाच हिशोब गप्पी आणि फायटर माशांना लागतो का? गप्पीची ३० पिल्लं प्लॅस्टिकच्या अडकवायच्या डबीत आहेत.

---

आर्टेमियावाला

ताई, त्या डबीत लिटर-दीड लिटर पाणी. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको. गप्पीला एका मोठ्या टाकीपेक्षा दोन लहान टाक्या कामाच्या, ३० पिल्लांना २०-२५ लिटरच्या दोन. चौथ्या आठवड्यापासून नर-मादी वेगळे करावे लागतात. खालचा मागचा पर टोकदार काडीसारखा व्हायला लागला तो नर. उशीर झाला तर बहिणींची पोटं भरलेली दिसतात.

फायटर वेगळा. २ फुटी, ५-६ इंच पाणी, आणि वर घट्ट झाकण. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात त्यांचं हवेतून श्वास घ्यायचं इंद्रिय तयार होतं, तेव्हा पाण्यावरची हवा गार-कोरडी लागली तर पटापट मरतात. आणि त्यांना पहिले काही दिवस इन्फ्युझोरिया लागतोच, आर्टेमिया तोंडात मावत नाही. अडीच-तीन महिन्यांत नर भांडायला लागले की प्रत्येकाला वेगळी बरणी. टाकी कितीही मोठी घ्या, खरा प्रश्न तिथं पन्नास बरण्यांचा असतो.

---

शिवाजीपेठ_एंजल

३६×१५×१५ ची ऑर्डर दिली, ६ एमएम, वरच्या पट्टीसकट. सोप्यात जागा काढली. शेवटचं: रोजचं पाणी कसं बदलायचं? पिल्लं पाइपात ओढली जातील ही भीती वाटते. आणि पहाटे पाणी गार असतं, तर बंबातलं गरम पाणी मिसळलं तर?

---

पाणी_मोजा

बंबातलं अजिबात नको. तांब्याचा बंब असतो, गरम पाण्यात तांबं उतरतं आणि पिल्लांना ते अगदी थोडंही पुरतं. स्टीलच्या पातेल्यात गरम करून मिसळा. नव्या-जुन्या पाण्यात एक अंशापेक्षा जास्त फरक नको, हातानं अंदाज करू नका, थर्मामीटर दोन्हीकडं बुडवा.

काढायला एअर पंपाचीच बारीक नळी, टोकाला कडक प्लॅस्टिकची काडी बांधून, म्हणजे तळावर नेमकी फिरवता येते. पाणी थेट मोरीत सोडू नका. पांढऱ्या बादलीत घ्या, ओढलं गेलेलं पिल्लू त्यात दिसतं आणि चमच्यानं परत टाकता येतं. पहिला आठवडा रोज पाव भाग, पुढं तिसरा भाग, ३ फुटीत गेल्यावर निम्मा. भरताना बादली वर ठेवून त्याच नळीनं, रेग्युलेटर लावून थेंबाथेंबानं. २७ लिटरमधलं पाव पाणी भरायला पाऊण तास लागू दे.

क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट). १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १० लिटरच्या बादलीला या बाटलीतलं ७ मिलिलिटर पुरतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीन वाढवलेला असतो, तेव्हा दुप्पट घाला आणि दोन-तीन तास हवा चालू ठेवून मगच वापरा. गढूळ पाणी आधी पिंपात रात्रभर बसू द्या, खालचे चार इंच सोडून वरचंच घ्या.

---

काचकाम_कोल्हापूर

ऑर्डर दिलीच आहे तर कारागिराला एवढं सांगा, वरच्या पट्टीत मध्ये आडवा पूल टाकू नको, दोन्ही लांब कडांनाच पट्टी मार. मध्ये पूल आला की निवडीच्या वेळी रुंद जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढता येत नाही, आणि पिल्लं कोपऱ्यात घुसून पर फाडून घेतात. पट्टी निदान २ इंच रुंद, तीही ६ एमएमचीच.

---

आर्टेमियावाला

आणि बॅटरीवरचा एक एअर पंप आणून ठेवा, लाईट गेली की आपोआप चालू होणारा. वळवाच्या पावसात संध्याकाळी लाईट जाते, नेमकी खाऊ घातल्यानंतर. ४ इंच पाण्यात दोनशे पिल्लं दोन तास हवेशिवाय काढतील, पाचव्या आठवड्यातली शंभर काढणार नाहीत. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पंप बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन सोपा भिजतो आणि ४ इंचातलं निम्मं पाणी जमिनीवर.